न उगवणारे गवत

कृत्रिम गवत म्हणजे जाजमाच्या पद्धतीने विणलेले प्लास्टिक. वरची हिरवी पाती बहुधा पॉलिथिलीनची असतात. ती पॉलिप्रॉपिलीनच्या कापडात टाके घालावेत तशी ओवलेली असतात आणि सुटून येऊ नयेत म्हणून कापडाच्या पाठीवर लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो. पात्यांच्या बुडाशी तपकिरी, कुरळ्या धाग्यांचा थर असतो. तो वाळलेल्या गवताचा भास देतो आणि वरच्या पात्यांना उभे राहायला आधारही देतो. बाजारात हे गवत सहसा २ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब गुंडाळीत येते. मुलांच्या तोंडी त्याचे नाव ‘टर्फ’. ‘टर्फवर जातो’ असे सांगून ती संध्याकाळी क्रिकेट किंवा फुटबॉल खेळायला बाहेर पडतात, ती याच जाजमावर. खेळासाठी अंथरलेले गवत आणि कुत्र्यासाठी अंथरायचे गवत दिसायला सारखे असले तरी दोन्हींचे काम वेगळे आहे. माणूस त्यावर तासभर खेळतो आणि घरी जातो. कुत्रे त्यावर धावते, लोळते, झोपते, उकरते आणि दिवसातून अनेकदा लघवी करते.

या गवताचा जन्म अंगणासाठी झालेला नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात ‘अ‍ॅस्ट्रोडोम’ हे छप्पर असलेले भव्य क्रीडागृह उघडले. छताला उजेड आत येऊ देणारी तावदाने होती आणि खाली खरे गवत होते. उंच उडालेला चेंडू तावदानांच्या लखलखाटात खेळाडूंना दिसेना, म्हणून तावदाने रंगवली गेली. उजेड कमी झाला आणि गवत मेले. १९६६ साली तिथे नायलॉनचे गवत अंथरले गेले आणि क्रीडागृहाच्या नावावरून त्याला ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव पडले. दहा वर्षांनी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली. खऱ्या गवतावर आणि मातीवर वाढलेला भारतीय संघ तिथे सातव्या क्रमांकावर घसरला. पुढे भारतातही अशी मैदाने आली. पुण्याजवळ, पिंपरीच्या नेहरूनगरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे पॉलिग्रास हॉकी मैदान आहे. हॉकीच्या अशा मैदानावर सामन्याआधी पाण्याचे फवारे मारण्याची पद्धत आहे. ओल्या पात्यांवरून चेंडू वेगाने जातो आणि पडलेल्या खेळाडूची कातडी कमी सोलवटते. जगण्यासाठी ज्याला थेंबभर पाणी लागत नाही, त्या गवताला वापरण्याजोगे ठेवण्यासाठी मात्र पाणी लागते. अंगणात टर्फ घालणाऱ्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावी.

इथला सारा हिशेब देहूरोडच्या अंगणांचा आहे. पिंपरीपासून जवळचे देहूरोड हे लष्करी कोठारांभोवती वाढलेले कॅन्टोन्मेंटचे गाव आहे. जुना पुणे–मुंबई महामार्ग आणि पुणे–लोणावळा लोहमार्ग यांच्या अंगाने ते पसरले आहे. दारूगोळ्याच्या कोठाराभोवतीचा २००० यार्डांचा पट्टा ‘रेड झोन’ म्हणून ओळखला जातो आणि त्यात नव्या बांधकामाला मनाई आहे. शेजारच्या निगडी-प्राधिकरणात इंचाइंचाला भाव आलेला असताना देहूरोडच्या आसपास मोकळी जमीन टिकून राहिली, तिचे एक कारण हे आहे. घराला चार-पाच गुंठ्यांचे अंगण, अंगणात चिंच किंवा कडुनिंब आणि झाडाखाली एक-दोन कुत्री हे चित्र इथे अजून दिसते. पावसाच्या दृष्टीनेही ही जागा मधली आहे. पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेला पुण्यात तो ७००-७५० मिलिमीटरपर्यंत उतरतो. देहूरोड या दोन टोकांच्या मध्ये येते. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ ही इथल्या अंगणाची दोन रूपे आहेत.

अशा अंगणात टर्फ हवेसे वाटण्याची कारणे खरी आहेत. जुलैमध्ये कुत्रे बाहेरून आले की चारही पायांचा चिखल घरभर उमटतो. पाऊस सरल्यावर मावळच्या डोंगरउतारांवर आणि मोकळ्या रानात कुसळी गवत पिकते. त्याची अणकुचीदार कुसळे कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकपुडीत शिरतात. एकदा कातडीत घुसलेले कुसळ मागे फिरत नाही, पुढेच सरकते आणि पू धरते. सराट्याचे काटे तळव्यात रुततात. १९५५ च्या सुमारास ज्याची पहिली नोंद पुण्यात झाली, ते गाजर गवत पडीक जागेत माजते आणि माणसाप्रमाणे कुत्र्याच्या कातडीलाही त्रास देऊ शकते. उंच वाढलेल्या गवतात गोचीड दबा धरून असते आणि तिच्यातून रक्ताला बाधणारा ताप येतो. पावसाळ्यात घोणसही अशाच गवताचा आसरा घेते. हौसेने हरळी लावावी, तर कुत्र्याच्या लघवीने तिच्यात पिवळे डाग पडतात. लघवीतला नायट्रोजन आणि क्षार एका जागी जास्त झाले की तिथले गवत जळते. डागाच्या कडेला तोच नायट्रोजन पातळ होऊन पोहोचतो, म्हणून तिथे गर्द हिरवे कडे उमटते. या सगळ्याला टर्फ हे एकच उत्तर वाटते. त्याला चिखल नाही, काटा नाही, कुसळ नाही, डाग नाही.

मात्र अंगणातली माती न दिसणारी तीन कामे करत असते. ती पाणी पिते, घाण पचवते आणि गारवा देते. पहिला पाऊस ती मुरवते. लघवीतल्या युरियाचे मातीतले सूक्ष्मजीव आधी अमोनिया आणि मग नायट्रेट करतात, ते मुळे शोषून घेतात आणि वास उरत नाही. उन्हात पानांतून बाष्प बाहेर पडते, म्हणून खरे गवत हवेपेक्षा फारसे तापत नाही. एप्रिलच्या दुपारी कुत्रे झाडाखालची माती पंजांनी उकरते, वरचा तापलेला थर बाजूला सारते आणि खालच्या गार खळग्यात पोट टेकून बसते. त्याला कुणी हे शिकवलेले नसते. टर्फ घातले की मातीची ही तिन्ही कामे थांबतात. त्यानंतर पाणी वाहून नेण्यासाठी उतार द्यावा लागतो, घाण पचवण्यासाठी धुवावे लागते आणि गारव्यासाठी सावली शोधावी लागते. टर्फ घालण्याची सारी विद्या ही या तीन कामांची भरपाई करण्याची विद्या आहे.

उन्हाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो, कारण तो जागेच्या निवडीशी बांधलेला आहे. प्लास्टिकच्या पात्यांतून बाष्प निघत नाही. ऊन पडले की ती तापतच राहतात. एप्रिल-मे महिन्यांत हवा ३८-४० अंशांवर असते तेव्हा उघड्या टर्फचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. पाणी मारले की तो निवतो, पण थोड्याच वेळात पुन्हा तापतो. कुत्रे मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करते; त्याच्या घामाच्या ग्रंथी तळव्यांत असतात आणि तेच तळवे तापलेल्या पृष्ठभागावर टेकलेले असतात. परीक्षा सोपी आहे. तळहाताची पाठ टर्फवर सात सेकंद टेकवून ठेवावी. हात मागे घ्यावासा वाटला, तर ती जागा त्या वेळी कुत्र्यासाठी नाही. म्हणून टर्फसाठी घराची पूर्वेची बाजू चांगली. तिथे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी घराचीच सावली पडते. मोठ्या झाडाखालची जागा मोहात पाडते, पण झाडाच्या फांद्या जिथवर पसरतात त्याखालच्या मातीत त्याची अन्न घेणारी मुळे असतात. खडी घालून ती जमीन दाबली तर मुळांना हवा आणि पाणी मिळेनासे होते आणि ज्याच्या सावलीसाठी जागा निवडली, ते झाडच खंगते.

जागा ठरली की माप ठरते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. गुंडाळी ५० चौरस मीटरची, म्हणजे गुंठ्याला दोन गुंडाळ्या आणि थोडे अधिक. त्याखाली चार इंच खडीचा थर द्यायचा तर गुंठ्याला सुमारे साडेतीन ब्रास खडी लागते. पाच गुंठ्यांचे सगळे अंगण झाकायचे म्हटले, तर दहा गुंडाळ्या आणि थोडे अधिक, अठरा ब्रास खडी आणि त्याहून जास्त उकरून काढावी लागणारी माती. पाण्याचा हिशेबही इथेच करावा. गुंठाभर जागेवर १० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे १००० लिटर पाणी पडले. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका गुंठ्यावर १०,००० लिटरचा एक टँकर रिकामा होतो; पाच गुंठ्यांवर पाच टँकर. मातीचे अंगण यातले पुष्कळसे पोटात घेते. टर्फखाली दाबलेल्या थरावरून ते पाणी कुठे जाणार, हे आधी ठरवले नाही तर पाणी स्वतःच ठरवते आणि बहुधा ते घराच्या जोत्याकडे येते.

काम सुरू करण्याचा काळ दिवाळीनंतरचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमीन कोरडी असते, ऊन सौम्य असते आणि सांध्यांचे चिकट पदार्थ नीट धरतात. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने घातलेले टर्फ पहिल्याच आषाढात खाली-वर होते, कारण ताजा भराव पाण्याने बसतो. भरावाला एक पावसाळा दाखवावा, असे जुने गवंडी सांगतात. टर्फच्या बाबतीत ते अक्षरशः लागू आहे. ज्यांना थांबता येते त्यांनी उन्हाळ्यात खोदाई आणि भराव करावा, पावसाळा जाऊ द्यावा, जिथे खचेल तिथे पुन्हा भर घालावी आणि दिवाळीनंतर टर्फ अंथरावे.

खोदाई पाच-सहा इंचांची करावी लागते. वरची काळी माती ओल धरते, फुगते आणि सुकली की भेगाळते. तिच्यावर टर्फ कधीच सपाट राहत नाही. ती मुरूम लागेपर्यंत काढावी. काढलेली माती फेकून न देता अंगणाच्या दुसऱ्या भागात झाडांच्या आळ्यांना घालावी. खोदतानाच तण मुळासकट निघाले पाहिजे. हरळीची भुईखालची खोडे आणि लव्हाळ्याच्या गाठी राहिल्या, तर त्या पुढच्या पावसात वर येतात. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा असतो आणि तो अंथरलेले कापड भेदून बाहेर पडतो. खोदलेल्या तळाला उतार द्यावा, दर १० मीटरला १० ते २० सेंटीमीटर, आणि तो घरापासून दूर जाणारा असावा. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून सूत ताणावे, लेव्हल ट्यूबने पातळी बघावी. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा पाण्याला सपाट दिसत नाही.

तळावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. त्यामुळे खालची माती वर येत नाही आणि खडी खाली रुतत नाही, पाणी मात्र जाते. त्यावर खडीचा थर, मग बारीक कचेचा एक-दीड इंचाचा थर. प्रत्येक थर पाणी शिंपडून आणि धुमसाने किंवा लहान रोलरने दाबून घ्यावा. कच फार पिठासारखी नसावी. खाणीवरची बारीक भुकटी पाण्याबरोबर लेप धरते आणि निचरा बंद करते. मग वरून टर्फ कोरडे दिसते आणि खाली लघवी साचते. उताराच्या शेवटी खाचा असलेला पाइप टाकून पाणी शोषखड्ड्यात न्यावे. शोषखड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून दूर असावा, कारण त्यात जाणारे पाणी पावसाचे असते तसे कुत्र्यांच्या मूत्राचेही असते. कडेला सिमेंटचा किंवा दगडाचा कठडा बांधावा. लाकडी पट्ट्यांना वाळवी लागते.

ज्या जुन्या घरांच्या अंगणात शहाबादी फरशी किंवा कोबा आहे, तिथे खोदाई टळते, पण उताराची गरज टळत नाही. फरशीला उतार असेल तर टर्फखाली पाणी खेळू देणारी उंच-सखल दाण्यांची जाळी अंथरून काम होते. उतार नसेल तर आधी उतार करावा. सपाट फरशीवर थेट चिकटवलेले टर्फ हे दुर्गंधीचे घर बनते.

टर्फ निवडताना पात्यांची उंची पाहावी. कुत्र्यांसाठी २५ ते ३५ मिलिमीटर पुरे. त्याहून लांब पात्यांत विष्ठा अडकते आणि लांब पाती लोळण घेऊन घेऊन आडवी पडतात. उंचीपेक्षा दाटपणा महत्त्वाचा आहे. बोटांनी पाती फाकवून बघावे. खालचे कापड लगेच दिसले तर टर्फ विरळ आहे. पाठीवरचा लेप तर सर्वांत महत्त्वाचा. काही टर्फच्या पाठीला ठरावीक अंतरावर भोके असतात आणि दोन भोकांमधला लेप पाणी अडवतो. पावसासाठी ती भोके पुरतात, मूत्रासाठी पुरत नाहीत, कारण मूत्र थोडे असते, ते वाहत जाऊन भोक शोधत नाही, पडले तिथेच मुरते. सबंध पाठीतून पाणी झिरपू देणारे टर्फ कुत्र्यांच्या अंगणाला योग्य. विकत घेण्याआधी नमुन्याच्या तुकड्यावर पेलाभर पाणी ओतून बघावे.

गुंडाळी उलगडून ती दोन-तीन तास उन्हात पडू द्यावी, म्हणजे सुरकुत्या सैलावतात आणि प्लास्टिक आपल्या मापाला येते. सगळ्या गुंडाळ्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवावा. तो उलटसुलट झाला तर एकाच अंगणात दोन रंगांचे गवत दिसते. सांध्याच्या दोन्ही कडा सरळ कापून एकमेकींना भिडवाव्यात, पण चढवू नयेत. खाली सांध्याची पट्टी आणि पॉलियुरेथेनचा गोंद. कडेने गंज न धरणारे खिळे जवळजवळ ठोकावेत. माणसांच्या अंगणात कडा थोडी सैल राहिली तर चालते. कुत्र्याला सैल कडा सापडली की ते तिथूनच उकरायला लागते आणि एका दुपारीत हातभर टर्फ उलगडते.

शेवटचे काम पात्यांत भर घालण्याचे. खेळाच्या मैदानांवर जुन्या टायरांची रबरी भुकटी घालतात. ती तापते आणि कुत्र्याच्या पोटात जाऊ शकते, म्हणून अंगणात नको. धुतलेली गारेची वाळू चालते, पण कुत्र्यांसाठी झिओलाइट नावाचे खनिज उत्तम. त्याच्या कणांत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत सैलपणे बसलेले सोडियमसारखे कण असतात. मूत्रापासून झालेला अमोनियम त्या पोकळ्यांत शिरतो आणि सोडियम बाहेर येतो. त्यामुळे वास हवेत जाण्याआधीच धरला जातो. यासाठी वापरतात ते झिओलाइट क्लिनोप्टिलोलाइट जातीचे. त्याची सख्खी भावंडे पुण्याच्या भुईतच आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाण्यातून स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट ही झिओलाइट स्फटिकरूपाने वाढली. वाघोलीच्या खाणींतले निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. ते बहुधा पांढऱ्या स्टिल्बाइटवरच बसलेले सापडते. सह्याद्रीच्या काळ्या दगडाला फोडले की पोटात जे चमकते, त्याच कुळातले खनिज अंगणातल्या कुत्र्याचा वास धरून ठेवते. चौरस मीटरला पाच ते दहा किलो भर पुरते. ती पात्यांवर शिंपून खराट्याने कलाच्या उलट दिशेने झाडावी, म्हणजे ती बुडाशी जाऊन बसते.

झिओलाइटची ताकद अमर्याद नाही. पोकळ्या भरल्या की ते वास धरेनासे होते. मिठाच्या पाण्याने धुतले तर सोडियम आत जाऊन अमोनियम सुटतो आणि ते पुन्हा कामाला येते. पण ते खारे पाणी झाडांच्या आळ्यात जाऊ देऊ नये. रोजची निगा त्याहून साधी आहे. विष्ठा लगेच उचलावी. लघवीच्या जागेवर त्याच दिवशी पाणी मारावे. चौरस मीटरला दोन लिटर धरले तरी गुंठाभर टर्फ एकदा धुवायला २०० लिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात पाणी तोलूनमापून वापरावे लागते तेव्हा हा खर्च जाणवतो. आठवड्यातून एकदा एन्झाइमयुक्त धुण्याचे द्रव्य वापरले तर युरिया आणि त्याचे अवशेष विघटित होतात. पातळ व्हिनेगर अमोनियाला उदासीन करते. ब्लीच मात्र लघवीवर थेट ओतू नये. अमोनियाशी मिसळून ते विषारी वायू सोडते आणि तो माणसालाही घातक असतो.

रोगांच्या बाबतीत टर्फची बाजू काही ठिकाणी जड ठरते. पार्वो हा पिल्लांना मारणारा विषाणू मातीत अनेक महिने टिकतो. गोलकृमींची अंडीही मातीत दीर्घकाळ राहतात. पिल्लू पार्वोने गेले असेल, तर त्या अंगणाची माती धुता येत नाही. टर्फ आधी पाण्याने स्वच्छ धुऊन, मग ब्लीचच्या एकाला तीस भाग पाणी अशा द्रावणाने निर्जंतुक करता येते. मात्र लेप्टोस्पायरोसिस वेगळा आहे. त्याचे जंतू उंदरांच्या आणि प्राण्यांच्या मूत्रातून येतात आणि साचलेल्या ओलीत जगतात. निचरा नीट नसलेल्या टर्फखालची ओल त्यांना सोयीचीच. त्याचे उत्तर निचऱ्यात आणि कुत्र्याला वेळेवर दिलेल्या लसीत आहे.

आता ज्याच्यासाठी हे सारे करायचे, त्याच्याकडे पाहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत वाढलेली कारवान ही शिकारी जात लांब पायांची आणि वाऱ्यासारखी धावणारी आहे. असे कुत्रे वळणावर सगळा भार दोन पंजांवर टाकते. भर कमी असलेल्या टर्फवर त्याचा पंजा घसरतो, घासून तळवे सोलवटतात आणि वारंवार वळण घेतल्या जागी टर्फचे सांधे उसवतात. पिल्लांना दात येताना पाती उपटून चावायची सवय लागते. गिळलेला धागा आतड्यात अडकू शकतो. पोट बिघडले की कुत्रे हरळी खाते आणि ओकते, ही गोष्ट प्रत्येक घराला माहीत आहे. प्लास्टिकच्या अंगणात त्याला ती हरळी मिळत नाही. उकरणे हा दोष नाही, तो कुत्र्याचा स्वभाव आहे. ज्या हरळीला माणूस दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो आणि ज्या कुत्र्याला खंडोबाचा आणि दत्ताचा सोबती मानतो, त्या दोघांची अंगणातली गाठ तोडण्याआधी थोडे थांबायला हवे.

टर्फचे आयुष्य चांगल्या देखभालीत आठ ते पंधरा वर्षांचे. उन्हाने पाती ठिसूळ होतात, तुटतात आणि बारीक तुकड्यांनी पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातात. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि लेप एकमेकांना घट्ट चिकटलेले असल्याने ते वेगळे करून पुन्हा वापरात आणणे कठीण जाते आणि जुन्या टर्फची गुंडाळी बहुतेक वेळा कचऱ्यातच जाते. युरोपीय संघाने २०२३ साली सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यात खेळाच्या मैदानांवरची प्लास्टिकची आणि रबरी भर आठ वर्षांत बंद करण्याचे ठरवले. देहूरोडच्या दोन बाजूंना दोन नद्या आहेत. पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि शेवटी दोघींचे पाणी भीमेतूनच पंढरपूरकडे जाते. अंगणातून वाहून गेलेला हिरवा तुकडाही त्याच वाटेने जातो.

एवढ्या सगळ्या हिशेबानंतर मोठ्या अंगणाची वाटणी स्पष्ट होते. पाच गुंठ्यांचे अंगण असेल, तर टर्फ एका गुंठ्यापुरते घालावे. ते घराच्या पूर्वेला, दाराजवळ, उतार आणि निचरा नीट करून घालावे, म्हणजे पावसाळ्यात कुत्र्याला बाहेर पडायला कोरडी जागा मिळते आणि घरात चिखल येत नाही. लघवीसाठी एका कोपऱ्यात वाळूचा किंवा गोट्यांचा चौकोन राखावा आणि कुत्र्याला तिथे जायची सवय लावावी. टर्फवरचा निम्मा भार त्यानेच उतरतो. धावण्यासाठी मुरमाची पायवाट आणि हरळी राहू द्यावी. कुसळी आणि गाजर गवत फुलण्याआधीच उपटून टाकावे, म्हणजे पुढच्या वर्षी ते कमी येते. झाडाखालची माती मोकळी राहू द्यावी. उन्हाळ्यात तिथे बादलीभर पाणी शिंपडले की पुरे.

टर्फ हे चिखलावरचे उत्तर आहे. मातीला पर्याय नाही. जिथे ते लागते तिथे ते नीट घालावे, कष्टाने राखावे आणि जिथे लागत नाही तिथे जमीन उघडी ठेवावी. ज्या अंगणात कुत्र्याला दुपारी उकरून बसायला हातभर गार माती सापडते, ते अंगण चांगले.